मोठ्या गाळ्याची इमारत आणि भूकंप : आयसोलेटर नेमका बसवायचा कुठे?

लोलक (धागाकर्ता)

बेस आयसोलेशनवर, म्हणजे इमारत जमिनीच्या हादऱ्यापासून तोडून ठेवण्याच्या तंत्रावर, काही वाचायला घेतलं की चित्र ठरलेलं असतं. चौकोनी इमारत, खाली रबराच्या गाद्या, जमीन थरथरतेय आणि इमारत आपली शांत. दवाखाना किंवा कचेरी असेल तर हे चित्र पुरतं. पण बंदिस्त क्रीडागृह, विमानतळाचं टर्मिनल, विमानाचं हँगर, मोठं सभागृह अशा ठिकाणी खांबाखांबांमधला गाळा ६०, १००, कधी १५० मीटर असतो, आणि तिथे हे चित्र अर्धवट पडतं. गेले काही महिने अशाच एका क्रीडागृहाच्या छताचं डिझाइन तपासायचं काम माझ्याकडे आहे. डोक्यात जे घोळतंय ते इथे मांडतो, चुकलो तर कान धरा.

मूळ कल्पना थोडक्यात. बुटक्या, ताठ इमारतीचा आवर्तनकाल, म्हणजे एक पूर्ण हेलकावा घ्यायला लागणारा वेळ, साधारण ०.२ ते ०.६ सेकंद. टणक जमिनीवर भूकंपाचा बराचसा जोर नेमका याच पट्ट्यात असतो. इमारत एका पातळीवर कापून तिथे आडव्या दिशेने मऊ असा थर (आयसोलेटर) घातला की आवर्तनकाल अडीच-तीन सेकंदांवर जातो आणि वरच्या भागाला बसणारं बळ कितीतरी पटींनी उतरतं. पण फुकट काहीच मिळत नाही. बळ कमी होतं, सरक वाढते. मोठ्या भूकंपात त्या थरात ३०० ते ५०० मिलिमीटर सरक येणं यात नवल नाही. म्हणून सरक आवरायला ऊर्जा खाणारं काहीतरी लागतं: शिशाचा गाभा, घर्षण किंवा तेलाचे डॅम्पर.

आता खरा प्रश्न. कापायचं कुठे? पायाजवळ, आसनांच्या काँक्रीटखाली? की खांबांच्या माथ्यावर, थेट छताच्या खाली? की दोन्हीच्या मधे? माझा कल छताखाली कापण्याकडे आहे, पण त्यातले काटे मोजून मोजून दमलोय. मतं हवीत.

साधासुधा

मी या क्षेत्रातला नाही, बाळबोध प्रश्न विचारतो. हजारो टनांची इमारत रबरावर ठेवली तर रबर चेपणार नाही? आणि रोज वाऱ्याने इमारत डुलणार नाही?

लोलक

@साधासुधा, बाळबोध मुळीच नाही. पहिल्या प्रयत्नात हेच घडलं होतं. १९६३ च्या भूकंपानंतर स्कोप्ये शहरात (आताचं उत्तर मॅसिडोनिया) एक शाळा बांधली, १९६९ मध्ये. भूकंपापासून बचावासाठी रबराच्या ठोकळ्यांवर उभी राहिलेली ती पहिली इमारत. पण ते ठोकळे निव्वळ रबराचे होते, आत पोलादी पत्रे नव्हते. वजनाने ते बाजूंनी फुगले, आणि उभ्या दिशेलाही मऊ असल्यामुळे इमारत भूकंपात पुढेमागे डोलत उसळेल अशी रचना झाली.

आताच्या बेअरिंगमध्ये (टेकूखालच्या गादीत) रबराचे पातळ थर आणि पोलादी पत्रे आलटून पालटून चिकटवलेले असतात. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून दाबा, तो दबत नाही. बाजूने ढकला, लगेच तिरका होतो. पत्रे रबराला बाजूला फुगू देत नाहीत म्हणून उभा ताठपणा प्रचंड, पण आडवं सरकायला मुभा.

वाऱ्याचं उत्तर शिशाच्या गाभ्यात आहे. न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात रबरी बेअरिंगच्या मधोमध शिशाचा दंडगोल बसवला. वाऱ्याच्या किरकोळ जोराला शिसं हलत नाही, भूकंपाच्या जोराला वितळल्यासारखं वाहतं, ऊर्जा खातं आणि नंतर आपली मूळ घडण बऱ्यापैकी परत मिळवतं. अशा बेअरिंगवरची पहिली इमारत वेलिंग्टनची विल्यम क्लेटन बिल्डिंग, १९८१.

निळी शाई

अवांतर: वाऱ्यावरून आठवलं. भूकंपशास्त्रज्ञ जॉन मिल्न यांनी जपानमध्ये एकोणिसाव्या शतकातच एक छोटी इमारत ओतीव लोखंडाच्या गोळ्यांवर ठेवून पाहिली होती. भूकंप राहिला बाजूला, ती वाऱ्यानेच हलायला लागली. मग गोळे लहान लहान करत त्यांनी छर्‍यांपर्यंत आणले. सैल सोडणं सोपं, कधी सैल आणि कधी घट्ट हे ठरवणं अवघड, हे तेव्हाच कळलं होतं म्हणायचं.

तिरका_कोन

मला मूळ गृहीतकाचीच शंका आहे. मोठ्या गाळ्याचं छत पोलादी जाळीचं किंवा कैच्यांचं (त्रिकोणी जोडणीच्या सांगाड्यांचं), म्हणजे हलकं. भूकंपाचं बळ वस्तुमानावर. हलक्या छताला भूकंपाची भीती कसली? अशा छतांना वारा नाहीतर बर्फ मारतो. मग खटाटोप कशासाठी? सल्लागारांचं पोट भरायला?

लोलक

@तिरका_कोन, शेवटचं वाक्य सोडून शंका रास्त आहे. छताचे मुख्य सदस्य भूकंपात क्वचितच तुटतात. तुटतं ते टेकूपाशी. १९९५ च्या कोबे भूकंपात मोठ्या छतांच्या क्रीडागृहांमध्ये बरंच नुकसान छत जिथे खांबावर बसतं तिथे दिसलं: अँकर बोल्ट तुटलेले, बेअरिंगखालचं काँक्रीट फुटलेलं, भिंतींमधले तिरके ब्रेस वाकलेले. छत धडधाकट, पण बसायची जागाच मोडलेली. आणि क्रीडागृह भूकंपानंतर लोकांचा आसरा असतं, ते नुसतं उभं राहून चालत नाही.

दुसरं, छताला लटकलेल्या गोष्टी. २०११ च्या तोहोकु भूकंपात तोक्योमधल्या कुदान काइकान सभागृहाचं आतलं छत कोसळून माणसं गेली. कावासाकीच्या म्युझा सिम्फनी हॉलमध्येही आतलं छत पडलं, सुदैवाने तेव्हा आत प्रेक्षक नव्हते. दोन्ही ठिकाणी इमारतीचा सांगाडा उभा होता. त्यानंतर जपानने २०१४ पासून लटकत्या छतांसाठी नियम कडक केले: ६ मीटरपेक्षा उंच, २०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि चौरस मीटरला २ किलोपेक्षा जड अशी छतं त्यात येतात. १५ मीटरवरून पडणारा पाच किलोचा तुकडा काय करेल हे सांगायला नको. त्वरण कमी करणं हाच तिथला उपाय.

आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे घुमट आणि कमान. जमीन आडवी हलते, पण घुमट वर-खाली नाचतो. एका बाजूचा अर्धा भाग वर, दुसऱ्या बाजूचा खाली, मग उलट. छत जितकं उंच फुगलेलं तितका हा प्रकार जास्त. म्हणजे पायथ्याशी मोजलेलं आडवं त्वरण छताच्या कडेपासून चौथाई अंतरावर उभं होऊन बाहेर येतं, तेही वाढून. सपाट स्लॅबच्या इमारतीत हा खेळ नसतो. आडवी हालचाल छताच्या टेकूपाशीच अडवली तर हा उभा नाचही आपोआप कमी होतो. माझा कल छताखाली कापण्याकडे आहे तो यासाठी.

तिरका_कोन

बोल्ट आणि लटकत्या छताचा मुद्दा मान्य. पण मग बोल्ट जाड करा, लटकती छतं नीट बांधा. स्वस्तात होईल.

गवंडीदादा

बोल्ट जाड केला की काँक्रीट फुटतं, काँक्रीट वाढवलं की खांब वाकतो, खांब वाढवला की पाया. हा जिना मी साइटवर चढून उतरलोय. :)

अक्षांश

मी पायाशी कापण्याच्या बाजूने. कारण साधं: वरच्या सगळ्यांना एकाच वेळी संरक्षण. छत, आसनं, दिवे, जिने, काचा, यंत्रं. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलमध्ये हेच केलंय, २६७ घर्षण-लोलक बेअरिंगांवर अख्खी इमारत, ते पंखासारखं छतही त्यातच आलं. इस्तंबूलच्या सबिहा ग्योकचेन विमानतळाचं २००९ मधलं टर्मिनल ३०० तिहेरी लोलकांवर आहे. चीनमध्ये कुनमिंगचं टर्मिनल रबरी बेअरिंगांवर, संख्या दीड हजारांच्या वर. बीजिंगच्या दाशिंग विमानतळाची गंमत तर वेगळीच: मधल्या भागाखालून वेगवान रेल्वे जाते, त्यामुळे तिथला आयसोलेशनचा थर भूकंप आणि रेल्वेची कंपनं अशी दुहेरी चाकरी करतो. त्याचं छत पेलायला आत इंग्रजी 'सी' आकाराचे आठ खांब आहेत, बाकी मैदान मोकळं. एवढ्या मोठ्या मंडळींनी पायाशी कापलं ते उगाच नाही.

लोलक

@अक्षांश, नव्या टर्मिनलसाठी मान्य. आत माणसं, यंत्रणा, सामानाचे पट्टे आणि मजल्यांचं काँक्रीट सगळं असतं, तिथे पायाशी कापणं चोख. पण इस्तंबूलचंच दुसरं उदाहरण पाहा. अतातुर्क विमानतळाच्या टर्मिनलमध्ये १९९९ च्या इझमित भूकंपानंतर घर्षण-लोलक बेअरिंगं बसवली ती खांबांच्या माथ्यावर, छताच्या खाली. खांब आधीच उभे होते. छताचं बळ उतरवलं की त्या खांबांना मिळणारा हेलकावा उतरतो. जुन्या इमारतीला हा मार्ग हाती लागतो, पाया खणत बसायची गरज नाही.

माझ्या क्रीडागृहात खालच्या आसनांचं काँक्रीट ताठ आहे, भूकंप सोसेल. त्या सगळ्याला उचलून तरंगत ठेवायचं म्हणजे हजारो टन उचलायचे, शेकडो टनांच्या छतासाठी.

कुतूहल

घर्षण-लोलक म्हणजे काय ते कुणी सांगेल का? सारखा उल्लेख येतोय. (बाकी धागा जबरी, वाचनखूण साठवली.)

लोलक

सांगतो, आणि माझ्या मूळ अडचणीचं उत्तरही त्यातच आहे, त्यामुळे लांबण लागेल.

एका खोलगट, गुळगुळीत पोलादी ताटलीत एक गोटीसारखा सरकता भाग. इमारत त्या भागावर. जमीन हलली की तो ताटलीच्या कडेकडे वर चढतो आणि इमारतीच्या वजनानेच परत मधे घसरतो. घर्षण ऊर्जा खातं, गोलाई परत आणते. व्हिक्टर झायास यांनी १९८० च्या दशकात हे मांडलं. नाव लोलक का? कारण गणित घड्याळाच्या लोलकाचंच. आवर्तनकाल फक्त ताटलीच्या वक्रतेच्या त्रिज्येवर ठरतो. त्रिज्या १ मीटर असेल तर २ सेकंद, सव्वादोन मीटर असेल तर ३ सेकंद, ४ मीटरला ४ सेकंद. वर ५० टन ठेवा नाहीतर ५००, काळ तोच.

आता हे छताला का महत्त्वाचं ते बघा. रबराचा आवर्तनकाल वजनावर अवलंबून असतो. समजा दवाखान्याच्या एका खांबाखाली ५००० किलोन्यूटन भार आहे, म्हणजे साधारण ५०० टन. ३ सेकंद हवे असतील तर नेहमीच्या मऊ रबराचे एकूण २०० मिलिमीटर जाडीचे थर घेतले तर बेअरिंगचा व्यास १.२ मीटरच्या आसपास येतो. ३०० मिलिमीटर सरकलं तरी वरचा आणि खालचा भाग भरपूर एकमेकांवर राहतो. उत्तम.

छताच्या एका टेकूवर येणारा भार मात्र धरा ५०० किलोन्यूटन. ५० टन. तोच हिशेब केला तर व्यास जेमतेम ३७० मिलिमीटर. त्याला ३०० सरकवा! वरची चकती खालचीवर उरतेच कुठे? खांबाच्या माथ्यावर ठेवलेला एक डगमगता स्टूल झाला तो. व्यास वाढवला तर बेअरिंग ताठ होतं, आवर्तनकाल घसरतो आणि आयसोलेशनचा अर्थच जातो. हलकं छत रबराला मानवत नाही ते असं. अगदी पुस्तकी हिशेब आहे, पण पहिल्या डिझाइनमध्ये नेमकी हीच चूक होती. मोठ्या इमारतीचं बेअरिंग तसंच्या तसं छोटं करून छताखाली दिलेलं.

लोलकात हा प्रश्न उद्भवत नाही. अडचणी दुसऱ्या येतात. एक, हलक्या दाबाखाली घर्षणाचा गुणांक वाढतो, त्यामुळे कागदावर धरलेलं घर्षण प्रत्यक्षात जास्त निघू शकतं. दोन, लोलकाला ओढ अजिबात सोसत नाही. ताटलीवर ठेवलेली वस्तू, वर उचलली की सुटली. आणि हलक्या छताला वादळी वाऱ्यात वर ओढणारं बळ कधीकधी त्याच्या वजनाच्या पुढे जातं. म्हणजे उचल धरून ठेवणारी वेगळी यंत्रणा हवी, जी आडवं सरकू देईल पण वर जाऊ देणार नाही. रबरही ओढीला कच्चंच, आत सूक्ष्म पोकळ्या पडतात.

गवंडीदादा

सर, एक गोष्ट राहिली. तापमान.

पोलादाला अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर. १२० मीटरची कैची आणि वर्षभरात ४० अंशांचा फरक धरला तर ५८ मिलिमीटर होतात. नेहमीच्या छतात याच्यासाठी एका टोकाला सरकतं बेअरिंग देतातच. तुम्ही छताखाली आयसोलेटर दिला तर ते काम त्याच्यात आपसूक होतं. हे छताखाली कापण्याच्या बाजूचं मत समजा.

पायाशी कापलं तर उलटी कथा. टर्मिनल ३०० मीटर लांब, जोड न ठेवता एकसंध स्लॅब. काँक्रीट वाळताना आकसतं आणि थंडीतही आकसतं. दोन्ही मिळून लाखात तीस भाग धरले तर मध्यापासून टोकापर्यंत १५० मीटरला ४५ मिलिमीटर. म्हणजे भूकंप यायच्या आधीच कडेची बेअरिंगं पावणेदोन इंच आत कललेली! पाहणीला येणारा माणूस घाबरतो, म्हणतो बेअरिंग बिघडलं. बिघडलेलं नसतं, पण ते ४५ मिलिमीटर तुमच्या सरकेच्या हिशेबातून वजा झालेले असतात. यासाठी स्लॅबमध्ये मधे पट्टे मोकळे सोडतात आणि काही महिन्यांनी भरतात. ठेकेदाराला ते पट्टे कधी एकदा भरतो असं झालेलं असतं, तिथे उभं राहून थांबवावं लागतं.

निळी शाई

दादा, साइटवरचं अजून लिहा ना.

गवंडीदादा

लिहितो. नाव-गाव विचारू नका.

एका आयसोलेटेड इमारतीचं काम संपत आलं होतं. इमारतीभोवती जो खंदक ठेवतात, सरकायला मोकळी जागा, तो साधारण अर्ध्या मीटरचा. उद्घाटनाआधी कुणाच्या तरी लक्षात आलं की दारापुढे पायरी नाही. मिस्त्रीने काय केलं, दोन दिवसांत मस्त काँक्रीटची पायरी ओतली, एक टोक बाहेरच्या जमिनीला आणि दुसरं इमारतीला सळ्या घालून बांधलेलं. सुबक काम. वर दगडही बसवला. सगळे खूश. म्हणजे कोट्यवधींची बेअरिंगं एका पायरीने जमिनीला शिवून टाकली होती! मी फोडायला लावली तेव्हा मलाच वेडा ठरवलं.

दुसऱ्या बाजूला अग्निशमनाची पाइप खंदकातून सरळ, ताठ. एकही लवचीक जोड नाही. प्लंबरचं म्हणणं, 'नकाशात सरळ रेघच आहे.' ते खरंच होतं, नकाशात सरळ रेघच होती. तेव्हापासून मी प्रत्येक नकाशावर खंदकाची लाल रेघ काढतो, आणि तिला जे जे ओलांडतं त्या प्रत्येकावर गोल.

मोठ्या गाळ्याच्या इमारतीत ही ओलांडणारी मंडळी फार असतात. सामानाचे पट्टे, विमानाकडे जाणारे पूल, सरकते जिने, मोठ्या काचभिंती.

अक्षांश

पायरीचा किस्सा भारी. २०११ मध्ये जपानमध्येही आयसोलेटेड इमारतींच्या पाहणीत मुख्य सांगाडा ठीक आणि खंदकावरची झाकणं, जोडपट्ट्या मोडलेल्या असं बऱ्याच ठिकाणी आढळलं होतं. एक बाजू सरकते, झाकण अडकतं, वाकतं.

काचभिंतीचा प्रश्न लोलक यांना. तुम्ही छताखाली कापलं की छत ३०० मिलिमीटर सरकणार आणि काचभिंत खालच्या भागाला बांधलेली. मधला सांधा कसा करणार? पाऊस?

लोलक

नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. खरं सांगायचं तर बेअरिंगच्या गणिताला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट या सांध्याला लागतोय. छत भिंतीच्या बाहेर खूप पुढे काढायचं, भिंतीचा माथा मोकळा ठेवायचा, मधे घडीचा रबरी पडदा. रोजच्या हवेत तो बंद, मोठ्या भूकंपात फाटला तरी चालेल असा. शिवाय लोलक सरकताना छत थोडं वरही उचललं जातं. त्रिज्या सव्वादोन मीटर आणि सरक ३०० मिलिमीटर असेल तर उचल साधारण २० मिलिमीटर. किरकोळ वाटतं, पण चारही बाजूंच्या काचेला ते माहीत असायला हवं.

वास्तुरचनाकारांना हा सांधा बिलकुल आवडलेला नाही, हे वेगळं सांगायला नको.

तिरका_कोन

छताखाली कापण्यावर अजून एक आक्षेप. कमानीला किंवा घुमटाला बाहेर ढकलणारं बळ असतं. टेकू सरकता केला तर कमान पसरेल आणि बसेल. मग?

लोलक

बरोबर. कमान आयसोलेटरवर तशीच ठेवणं म्हणजे पाय फाकवलेल्या माणसाला निसरड्या फरशीवर उभं करणं. त्याला उपाय एकच, बाहेरचं ढकलणं छताच्या आतल्या आत मिटवायचं. घुमटाला पायथ्याशी ओढ सोसणारं पोलादी कडं, कमानीला दोन टोकं बांधणारी ताण-सळई. आयसोलेटरकडे फक्त उभा भार उतरला पाहिजे. आमच्या छतात कडं आहे म्हणूनच हा विचार करू शकतो. जिथे कमानीचं ढकलणं थेट जमिनीत उतरवलंय, म्हणजे पाय फाकवून उभी असलेली मोठी कमान, तिथे छताखाली कापू नये. तिथे अक्षांश यांचंच बरोबर.

कुतूहल

एक प्रश्न. इमारत ४०० मीटर लांब असेल तर भूकंपाची लाट एका टोकाला आधी पोचणार आणि दुसऱ्या टोकाला नंतर. सगळी जमीन एकदम हलते असं धरून चालतं का?

लोलक

सुंदर प्रश्न. चालत नाही. लाट पृष्ठभागावरून सेकंदाला दोनेक हजार मीटरने सरकते असं धरलं तर ४०० मीटरला ०.२ सेकंदांचा फरक. शिवाय वाटेतली जमीन सारखी नसते, एका टोकाला खडक आणि दुसऱ्या टोकाला भराव असेल तर दोन्हीकडची हालचालच निराळी. ताठ इमारतीत या फरकाने कडेच्या खांबांवर ताण आणि अख्ख्या इमारतीला पीळ येतो. आयसोलेशनचा इथे एक न गाजलेला फायदा आहे: बेअरिंग मऊ असल्यामुळे दोन टोकांच्या जमिनीतला काही सेंटिमीटरचा फरक ते गिळून टाकतं, वर फारसं पोचू देत नाही. पण कोपऱ्याच्या बेअरिंगची सरक पिळामुळे वाढते, खंदकाची रुंदी ठरवताना तो कोपरा बघायचा.

साधासुधा

एवढं सगळं वाचलं. पण प्रत्यक्ष भूकंपात हे चाललंय का कधी?

अक्षांश

चाललंय. १९९४ चा नॉर्थरिज भूकंप, लॉस एंजेलिस. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचं आयसोलेटेड रुग्णालय: बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर ०.४९ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) नोंदलं, गच्चीवर ०.२१. रुग्णालय चालू राहिलं. त्याच भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू हे ताठ, भक्कम रुग्णालय: सांगाडा शाबूत, पण गच्चीवर २ जीच्या पुढे त्वरण, पाण्याच्या पाइप फुटल्या आणि रुग्णांना हलवावं लागलं.

तिरका_कोन

ही तुलना नेहमी देतात, पण सरळ नाही. ऑलिव्ह व्ह्यूच्या जागी जमीनच जवळपास दुपटीने जोरात हलली होती. तरी गच्चीवर अडीचपट होणं आणि निम्म्याहून कमी होणं, हा फरक उरतोच, हेही कबूल करतो.

आणि उलट बाजूही लिहा. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या मऊ गाळाने लाटांमधला नेमका २ सेकंदांच्या आसपासचा भाग वाढवला. बुटक्या इमारती वाचल्या, मध्यम उंचीच्या पडल्या. अशा जमिनीवर तुम्ही आवर्तनकाल मुद्दाम २ सेकंदांवर नेलात तर स्वतःहून वाघाच्या जबड्यात मान दिलीत.

लोलक

शंभर टक्के. खोल मऊ गाळ असेल तर आयसोलेशनचं नाव काढण्याआधी जमिनीचा अभ्यास. प्रस्तरभंगाच्या अगदी जवळही जपून: तिथे एकच लांब, जोरदार धक्का येतो, आवर्तनं मोजायची वेळच येत नाही, आणि सरक हिशेबाच्या बाहेर जाते.

निळी शाई

माल खात्रीचा असतो का, हाही प्रश्न आहेच. २०१५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने रबरी बेअरिंगच्या चाचण्यांचे आकडे बदलल्याचं उघड झालं आणि बसवलेली बेअरिंगं उभ्या इमारतींखालून बदलायची वेळ आली. मग उभ्या इमारतीखालून बेअरिंग काढतात कसं?

गवंडीदादा

शेजारी जॅक लावायचे, काही मिलिमीटर उचलायचं, बोल्ट सोडायचे, जुनं ओढायचं, नवं सरकवायचं. ऐकायला सोपं. पण जॅक ठेवायला जागा आणि तो भार घ्यायला तुळईत ताकद डिझाइनच्या वेळीच ठेवलेली हवी. माणूस वाकून आत जाऊ शकेल एवढी उंचीही हवी. छताखालच्या आयसोलेटरला तर २० मीटर उंचीवर हेच करायचं. लोलक सर, तुमच्या नकाशात जॅकची जागा आहे का?

लोलक

...नाही. उद्याच घालतो. आभार, दादा.

कुतूहल

शेवटचा प्रश्न. हे सगळं आडव्या हालचालीचं झालं. जमीन उभी हलली तर?

लोलक

तर आयसोलेटर जवळजवळ काहीच करत नाही. उभ्या दिशेला तो मुद्दामच ताठ असतो, नाहीतर स्कोप्येच्या शाळेसारखं होईल. आणि मोठ्या गाळ्याच्या छताची गोची अशी की ते उभ्या दिशेला आधीच मऊ, सेकंदाला दोन-तीन हेलकावे घेणारं. उभ्या धक्क्यात ते ट्रॅम्पोलिनसारखं वागतं, मग खाली काहीही ठेवा.

उभ्या दिशेलाही मऊ करायला स्प्रिंगवर टेकू देण्याचे प्रयोग झालेत, पण उभं मऊ केलं की छताच्या स्वतःच्या वजनानेच ते खाली बसतं आणि हेलकावे घेताना एका अंगाला कलू लागतं. छतासाठी त्यापेक्षा बरं म्हणजे कैच्यांमध्ये योग्य जागी डॅम्पर घालणं, किंवा मध्याजवळ छोटं वस्तुमान स्प्रिंगवर लटकवून ते छताच्या तालाला जुळवणं. आमच्या छतात दुसरा पर्याय तपासतोय. लटकती प्रकाशयोजना तशीही मध्यावरच आहे, तिलाच ते वस्तुमान करता येतं का हे बघायचंय. दिव्यांचे लोक तयार होतील असं वाटत नाही.

तिरका_कोन

दिवे स्प्रिंगवर! वास्तुरचनाकारांना सांगायला मला बोलवा.

लोलक

नक्की. आजची स्थिती अशी: छताखालीच कापतोय, घर्षण-लोलक, कड्यासकट, उचल धरणाऱ्या यंत्रणेसह. दादांच्या सांगण्यावरून प्रत्येक टेकूशी जॅकचा ओटा वाढवला, त्यामुळे खांबाचा माथा २०० मिलिमीटरने रुंद झाला. काचभिंतीचा सांधा अजून सुटलेला नाही. पूर्ण मापाचा एक नमुना कारखान्यात करून ३०० मिलिमीटर सरकवून बघणार आहोत, पाण्याच्या फवाऱ्याखाली. जे होईल ते इथेच लिहीन.